कळलावीला कुंपणाशी जागा द्या

रानफूल रानातच शोभतं, बागेत ते तण. हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून, इतक्या खात्रीने ऐकू येतं की ते खरं आहे का, हे विचारायचं कुणाला सुचतच नाही. रोपवाटिकेत कळलावीचा कंद मागितला की "ती कशाला हवी? रानात पडलीय की ढिगाने" असं उत्तर मिळतं. सोसायटीच्या बागेत ती आपणहून उगवली, तर माळ्याला पहिलं काम तिला उपटायचं सांगितलं जातं. आमच्याकडे भिंतीलगत कढीपत्त्याच्या आधाराने चढलेली वेल ऐन कळ्यांवर असताना काढून टाकली आणि तिथे पिवळ्या पानांच्या ड्युरांटाची रांग लावली. का, असं विचारलं तर एका दमात चार कारणं आली: रानटी आहे, पसरेल, विषारी आहे, शिवाय घरात भांडणं लावते. यातली तीन खोटी आहेत आणि विषाचं कारण अर्धवट आहे. ही कारणं मी आजवर अनेकांकडून ऐकली आहेत आणि त्यांना एकदाचं सविस्तर उत्तर द्यायची वेळ आली आहे असं मला वाटतं.

समोरच्यांची बाजू नीट मांडायची तर ती अशी. बाग ही निगुतीने घडवलेली जागा. तिथे लावायचं ते निवडून, विकत आणलेलं, बारा महिने हिरवं राहणारं, कातरून एका उंचीत ठेवता येणारं. जे कुणी न लावता उगवतं, कुणी पाणी न घालता जगतं, पावसाबरोबर वर येतं आणि पावसाबरोबर जमिनीखाली जातं, ते या शिस्तीत बसत नाही. अशी फुलं बघायला कासच्या पठारावर जावं, सीतेच्या आसवांचे आणि तेरड्याचे फोटो काढावेत आणि घरी यावं. घरी मात्र त्यांना थारा नको. याखेरीज एक शिकलेला आक्षेप असतो, की रानफुलं घरी लावण्याचा नाद म्हणजे रान ओरबाडण्याला आमंत्रण. त्याचं उत्तर मी शेवटी देईन, कारण हा एकच आक्षेप आदराने ऐकण्यासारखा आहे.

आधी 'रानात' म्हणजे नेमकं कुठे, ते पाहू. कळलावी घनदाट जंगलात, गर्द सावलीत वाढणारी वेल नाही. तिला उजेड लागतो आणि चढायला काहीतरी लागतं. म्हणून ती सापडते जंगलाच्या कडेला, झुडपांच्या गर्दीत, शेताच्या बांधावर. कोकणात गडग्याला लागून, काटेरी वईवर. देशावर शेराच्या नि निवडुंगाच्या कुंपणात. ही सगळी माणसाची ठिकाणं आहेत. गडगा माणसाने रचला, वई माणसाने घातली, बांध माणसाने घातला. त्या आडोशाने कळलावी पिढ्यान्‌पिढ्या जगत आली. वाडीतल्या माणसाला ती रोज जाता-येता दिसत होती, परसदारापासून हाकेच्या अंतरावर होती. तिला दूरच्या डोंगरातली रानटी वेल ठरवणाऱ्यांनी ती कुठे उगवते हे एकदा तरी जाऊन पाहिलं आहे का?

आणि ते कुंपण आज कुठे आहे? गडगे मोडून सिमेंटच्या भिंती झाल्या. वईची जागा तारेने घेतली, कारण दर वर्षी काटे तोडून वई घालायला माणूस मिळत नाही. बांधावर तणनाशक मारलं जातं. रस्ता रुंद करायचा म्हणून दोन्ही कडांची झुडपं यंत्राने एका दिवसात खरवडली जातात. शहराच्या कडेला जिथे शेतं होती तिथे प्लॉट पडले आणि प्लॉटभोवती सगळ्यात आधी उभी राहते ती पक्की भिंत, तळाशी पेव्हर ब्लॉक लावलेली. कळलावीच्या कंदाला उगवायला वीतभर माती लागते, ती वीतभर मातीही आपण उरू देत नाही. तिच्या राहण्याच्या जागा आपण अशा बुजवल्या आणि वर तिलाच सांगतो की तू रानातच शोभतेस. कुठलं रान? ज्यांना हे वाक्य फार आवडतं, त्यांनी आपल्या गावाच्या हद्दीत ते रान बोट ठेवून दाखवावं.

बागेतलं कुठलं फूल कधी रानफूल नव्हतं, हाही प्रश्न विचारायला हवा. दसऱ्याला आपल्या दारावर चढणारा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. निशिगंधही तिथलाच. सदाफुली मादागास्करची, गुलमोहरही तिथलाच. बोगनवेल ब्राझीलची. आपापल्या मुलखात ही सगळी रानफुलंच होती, कुणीतरी त्यांना मायेने उचलून बागेत आणलं. झेंडूबद्दल माझी तक्रार नाही, त्याच्याशिवाय दसरा मलाही सुचत नाही. पण समुद्रापलीकडच्या रानातून आलेलं फूल देवघरापर्यंत चालतं आणि आपल्याच बांधावरचं फूल फाटकाच्या आत चालत नाही, हा न्याय कुठला? रानटी असणं हा दोष असेल तर तो सगळ्यांनाच लागू करा. नसेल तर कळलावीवरचा आरोप मागे घ्या.

पसरण्याबद्दल तर बोलूच. घाणेरी आपल्याकडे शोभेचं झुडूप म्हणूनच आणली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि आज देशभरातल्या जंगलांचा तळ तिने व्यापला आहे. जलपर्णी तिच्या जांभळ्या फुलांसाठी आणली गेली. आज तिच्याखाली नद्या आणि तलाव गुदमरतात. पुण्याच्या टेकड्यांवर पावसाळ्यानंतर जो नारिंगी-पिवळा कॉसमॉस पसरतो, तो बागांमधून सुटलेला आहे. पसरलेली ही सगळी झाडं रोपवाटिकांच्या दारातून बाहेर पडली. कळलावीचा मात्र एक कंद पावसाळाभर फोफावून हंगामाअखेर बहुधा दोन फाट्यांचा एक नवा कंद देतो आणि जुना संपून जातो. तिची बी उशिरा आणि अनियमित उगवते, बीपासून फूल यायला तीन-चार वर्षं जातात. इतक्या सावकाशीने वाढणाऱ्या वेलीवर पसरण्याचा आरोप करायला तिला कधी वाढवून पाहिलेलं नसावं लागतं.

वाढवून पाहणाऱ्याला जे दिसतं ते थोडं सांगायला हवं, कारण विरोध करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ही वेल फुलण्याच्या दिवसांत दोन हात अंतरावरून पाहिलेली नाही. तिला ताणे निराळे फुटत नाहीत. पानाचं टोकच निमुळतं होत जाऊन वळतं आणि जे पहिलं हाताला लागेल त्याला विळखा घालतं. जाड बांबू दिला तर पान त्याच्यावरून नुसतं घसरतं, कारण त्या टोकाला बोटाहूनही बारीक काडी लागते. तुरीच्या वाळलेल्या काटक्या, मेंदीच्या छाटलेल्या फांद्या, नाहीतर शेजारचं एखादं झुडूप दिलं की वेल आपली आपण डोक्याच्याही वर जाते. कळी खाली मान घालून लोंबते, पूर्ण हिरवी. मग पाकळ्या एकेक करून मागे उलटतात, कडा मुरडतात, बुडाशी पिवळा रंग येतो आणि टोकाकडून लाल रंग दिवसादिवसाने खाली उतरतो. सहा पुंकेसर आडवे पसरतात आणि स्त्रीकेसर बुडाशीच काटकोनात वळून एका बाजूला निघतो. एकाच वेलीवर एका वेळी हिरवी कळी, पिवळं फूल, अर्धं लाल आणि पूर्ण लाल फूल असं सगळं दिसतं. त्यावर फुलपाखरं येतात, शिंजीर येतो. इतका रंगाचा खेळ करणारं दुसरं कुठलं फूल, न खत मागता, न फवारा मागता, तुमच्या भिंतीवर उभं राहतं?

तमिळनाडूने हे फूल राज्यफूल म्हणून स्वीकारलं आहे. संघम काळातल्या कपिलर या कवीने 'कुरिंजिप्पाट्टु'त ९९ फुलांची नावं गुंफली, त्या यादीत पहिलं नाव याच फुलाचं, कांदळचं आहे. झिंबाब्वेचं ते राष्ट्रीय फूल आहे. १९४७ साली तेव्हाच्या दक्षिण ऱ्होडेशियातल्या मुलांनी राजकन्या एलिझाबेथला हिऱ्यांची जी पिन भेट दिली, ती कळलावीच्या फुलाच्या आकाराची होती. जपानच्या कोची प्रांतात ही फुलं हरितगृहात पिकवून विकली जातात. परक्यांनी वाखाणलं म्हणून आपण लावावं, असं माझं म्हणणं मुळीच नाही. पण जे फूल इतक्यांना बागेत, शेतात आणि दागिन्यात चालतं, ते कुरूप किंवा हलकं असल्याचा पुरावा तरी कुणी द्यावा.

पुढचा आक्षेप म्हणजे ती वर्षभर दिसत नाही. खरं आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पानं पिवळी पडतात, वेल वाळते आणि पुढचा पाऊस येईपर्यंत जमिनीवर काहीही उरत नाही. याला लोक जागा वाया जाणं म्हणतात. मी याला शहाणपणा म्हणते, आणि ते का, हे उन्हाळ्यात कुठल्याही सोसायटीच्या पाण्याच्या टाकीशी उभं राहिलं की समजतं. एप्रिल-मेमध्ये टँकर मागवले जातात, नळाला अर्धा तास पाणी येतं, आणि त्याच दिवसांत ज्यांना रोज पाणी घातलंच पाहिजे अशी झाडं आपण ओळीने लावून ठेवलेली असतात. कळलावी त्या दिवसांत थेंबभरही पाणी मागत नाही. उलट झोपलेल्या कंदाला पाणी घातलं तर तो कुजतो. सह्याद्रीच्या उतारावर वणवा गवत जाळत वरून निघून जातो आणि ही खाली मातीत सुखरूप असते. महाराष्ट्राच्या हवेला, चार महिन्यांच्या मुसळधारेला आणि आठ महिन्यांच्या कोरडीला इतकं अचूक जुळवून घेतलेलं फूलझाड दुसरं कुठलं सुचवाल?

तिच्या जागेवर या कोरड्या महिन्यांत मातीच दिसणार, हे कबूल. पण हिवाळी फुलांचं काय होतं? पिटुनिया, पॅन्झी, फ्लॉक्स नोव्हेंबरमध्ये पिशव्यांतून आणायचे, फेब्रुवारीच्या शेवटी उपटून टाकायचे, पुढच्या वर्षी पुन्हा विकत आणायचे. ती जागाही उरलेले महिने रिकामीच असते, फक्त दर वर्षी पैसे मोजून. कळलावीचा कंद एकदा लावला की तो जागेवरच राहतो आणि दर जूनला स्वतःहून वर येतो. तिच्या आसपास हिवाळ्यात दुसरं काही लावायचं असेल तर उथळ मुळांचं, कमी पाण्यावर येणारं लावावं, नाहीतर तिला कुंडीत ठेवून पानं वाळली की कुंडी पावसाच्या नि नळाच्या पाण्यापासून दूर आडोशाला ठेवावी. यात अवघड काय आहे? लावायचीही युक्ती सोपी आहे. कंदाचा आकार नांगरासारखा असतो, दोन फाटे एका टोकाला जोडलेले. संस्कृतात तिला लांगली म्हणतात. दोन्ही फाट्यांच्या टोकांना एकेक डोळा असतो. तो डोळा मोडला तर तो फाटा कधीच फुटत नाही, म्हणून कंद हाताळताना टोकं सांभाळायची. पाणी झटकन निचरणाऱ्या, वाळूमिश्रित मातीत दोन-तीन इंच खोल, आडवा ठेवायचा आणि जवळ काटक्या रोवायच्या. त्यापुढचं काम पहिला पाऊस करतो.

आता विषाबद्दल. हा मुद्दा मी झटकणार नाही, कारण इथे निष्काळजीपणा जिवावर बेततो. कळलावीच्या प्रत्येक भागात कोल्चिसिन असतं, कंदात आणि बियांत सर्वांत जास्त. कंद पोटात गेला तर लगेच काही कळत नाही. काही तासांनी उलट्या आणि जुलाब सुरू होतात, मग मूत्रपिंड, यकृत, रक्त तयार करणारी अस्थिमज्जा असं एकेक निकामी होऊ लागतं. याला नेमका उतारा नाही. वेळ न घालवता रुग्णालय गाठणं एवढंच हातात असतं. रताळं किंवा रानकंद समजून तो खाल्ल्याने माणसं दगावल्याची उदाहरणं श्रीलंकेत आणि भारतातही नोंदली गेली आहेत. बाळंतपणात कळ यावी म्हणून कंदाचा लेप लावायची जुनी चाल होती, तिच्यावरूनच हे नाव पडलं असं सांगतात. ती चाल आज कुणीही आचरू नये.

म्हणून ती घरात नको? मग आपल्या अंगणात आधीपासून उभं काय आहे तेही पाहा. आयुर्वेदाने सात उपविषं सांगितली आहेत: रुई, निवडुंगासारखी दिसणारी स्नुही, लांगली म्हणजे आपली कळलावी, कण्हेर, गुंज, अफू आणि धोतरा. यातल्या रुईच्या पानांची माळ आपण दर शनिवारी मारुतीला घालतो. धोतरा शंकराला वाहतो. कण्हेर देवपूजेसाठी परसात लावतो, महामार्गांच्या दुभाजकांत सरकारच मैलोगणती लावतं. गुंजांनी सोनार सोनं तोलत आले. यातल्या कुणालाही कुणी सोसायटीच्या सभेत उभं केलेलं नाही. पिवळ्या कण्हेरीची बी जीवघेणी आहे आणि तरी ती शाळांच्या आवारात दिसते. डिफेनबाखिया दिवाणखान्यात सोफ्याशेजारी ठेवलेला असतो आणि त्याचं पान चावलं की तोंड सुजतं. आणि ज्या ड्युरांटाने कळलावीची जागा घेतली, त्या ड्युरांटाला न कातरता वाढू दिलं की येणारी पिवळी फळंही विषारीच असतात. सगळीकडे विष चालतं आणि एकट्या कळलावीवर खटला चालतो, याचं कारण विष नाही. ती विकत आणलेली नाही, हेच कारण आहे.

विषारी झाडाला घराबाहेर घालवलं म्हणून ते जगातून जात नाही. ते बांधावर राहतंच, गावच्या वाटेवर राहतंच, फक्त आपल्या मुलांच्या ओळखीतून जातं. ज्या मुलाने आपल्या कुंपणाशी कळलावी उगवताना पाहिली आहे, जिचं फूल तोडू नये आणि कंद उकरू नये हे आईच्या तोंडून ऐकलं आहे, ते मूल सुट्टीत गावी गेल्यावर कुठलाही कंद उकरून तोंडात घालणार नाही. ज्याने कधी पाहिलीच नाही, त्याला कोण वाचवणार? कोकणात करांदे, कणगर खाणाऱ्या घरांत कुठला कंद खायचा आणि कुठल्याला हात लावायचा नाही हे ज्ञान पिढीजात होतं, आणि ते झाडं जवळ असल्यामुळेच टिकलं. घरात रांगतं मूल असेल, कुत्रं माती उकरणारं असेल, गाय-शेळी मोकळी फिरत असेल, तर ही वेल आवाक्यात लावू नये, हे मी स्वतःहून सांगते. माती उकरताना हातमोजे घालावेत, नंतर हात धुवावेत. शेंगा उकलल्या की आत नारिंगी-लाल, मण्यांसारख्या बिया दिसतात आणि त्या मुलांना हमखास भुलवतात, म्हणून शेंग उकलायच्या आधी कापून घ्यावी. एवढी काळजी घ्यायची तयारी नसेल तर मोहाने लावू नये. पण ही काळजी घेणाऱ्याला उपटायला सांगण्याचा अधिकार कुणाला नाही.

त्याच विषाची दुसरी बाजू कुणी का सांगत नाही? कोल्चिसिन हे गाऊट या संधिरोगावरचं औषध आहे. पेशींचं विभाजन रोखण्याच्या त्याच्या गुणामुळे वनस्पतिशास्त्रज्ञांनी गुणसूत्रांची संख्या दुप्पट करण्यासाठी ते वापरलं, आणि बिनबियांचं कलिंगड त्याच वाटेने आलं. तमिळनाडूत तिरुप्पूर जिल्ह्यात धारापुरम-मूलनूरच्या भागात, दिंडुक्कल जिल्ह्यात ओट्टनछत्रमच्या बाजूला शेतकरी कळलावीची शेती करतात. तारांच्या आधारावर वेली चढवतात, सकाळी फुलाफुलांवर हाताने परागण करतात आणि बी औषध कंपन्यांना विकतात. एका राज्यात शेतकऱ्याचं पोट भरणारं पीक दुसऱ्या राज्यात 'रानटी तण' कसं होतं, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

भांडणं लागण्याच्या समजुतीवर फार शाई खर्च करण्याची गरज नाही, पण तिचा जोर फार आहे म्हणून बोलावं लागतं. सुशिक्षित घरांतही कळलावीचं नाव काढलं की आवाज खाली येतो. नव्या सुनेचा आणि सासूचा दाखला दिला जातो, भावाभावांच्या वाटण्यांचा दाखला दिला जातो. घरातल्या कलहाला पैसा, जागा, पाण्याची पाळी, बोललेले शब्द आणि न बोललेले शब्द अशी कारणं असतात. ती तोंडावर घेणं अवघड जातं, म्हणून न बोलणाऱ्या वेलीच्या माथी मारायची? आणि विरोधाभास पाहा: कोकणात गौर आणताना अनेक घरांत तेरड्याबरोबर हीच फुलं आणली जातात. भाद्रपदात जिच्या फुलांनी गौरीची पूजा करायची, ती बाकीच्या दिवसांत अपशकुनी कशी? गौरीच्या पाटावर जे चालतं ते कुंपणावर चालायलाच हवं.

आता तो आदराने ऐकण्यासारखा आक्षेप. निसर्गप्रेमी म्हणतात, तुम्ही लोकांना नाद लावाल आणि लोक डोंगरात जाऊन कंद उकरतील. ही भीती खरी आहे. औषधासाठी कंद उपटल्यामुळे काही भागांत कळलावी विरळ झाली आहे. पावसाळी सहलीत फुललेली वेल ओढून काढणारी, गाडीच्या डिकीत टाकून नेणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यातला कंद बहुतेक वेळा डोळा मोडून मरतो. या बाबतीत माझी काहीही तडजोड नाही. रानातून, बांधावरून, घाटातून एकही कंद काढू नये. फुलं तोडू नयेत. पण यावरून बागेत लावूच नये, हे कसं निघतं? लागवडीची बी मिळते. ज्यांच्याकडे वेल आहे त्यांच्याकडे दर एक-दोन वर्षांनी जादा कंद निघतो. शेजारीण शेजारणीला तुळशीचं रोप देते तितक्या सहजपणे तो देता येतो. लागवडीतून मिळणारा कंद जितका सहज मिळेल, तितकं डोंगरात कुदळ घेऊन जायचं कारण कमी होईल. बागेत लावणं बंद केलं म्हणून डोंगरातली कळलावी वाचल्याचं एक तरी उदाहरण दाखवा. कुंपणं गेली, बांध गेले, त्यात बागांचा काहीही हात नव्हता.

आणि बागेतली कळलावी एकटी राहत नाही, हे निसर्गप्रेमींनी तरी समजून घ्यायला हवं. पानांवर एके दिवशी काळ्या अळ्या दिसतात, अंगावर पांढरे आणि नारिंगी-लाल ठिपके. या अळ्यांच्या पतंगाचं शास्त्रीय नावच पॉलिटेला ग्लोरिओसी, कळलावीवरूनच दिलेलं. पानातलं विष पचवून त्या जगतात. बघता बघता पानं चाळण होतात आणि हात कीटकनाशकाच्या बाटलीकडे जातो. तो आवरावा. कंद जमिनीखाली असतो, बळकट वेल पुन्हा पानं काढते, आणि नाहीच काढली तरी पुढच्या जूनला ती वर येते. ज्या पतंगाचं पोट कळलावीसारख्या मोजक्या झाडांवर चालतं, त्याला ड्युरांटाच्या कातरलेल्या रांगेत काय मिळणार? कासच्या पठाराचं जागतिक वारसा यादीत नाव गेलं, २०१२ साली, पश्चिम घाटाच्या यादीत. आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण वारसा तिकीट काढून बघायच्या पठारावर जपायचा आणि घराच्या भिंतीशी उपटायचा, हे मला मान्य नाही. पठारावरच्या गर्दीतली निम्मी माणसं तरी आपल्या घराभोवतालचं एक फूल नावानिशी ओळखत असतील का? ओळख घराजवळ होते. रोज बघितलेल्या फुलासाठी माणूस भांडायला उभा राहतो, वर्षातून एकदा फोटोत आलेल्या फुलासाठी नाही.

म्हणून माझी मागणी साधी आणि ठाम आहे. महापालिकांच्या उद्यानांत, महाविद्यालयांच्या आवारात, सोसायट्यांच्या भिंतीलगत हातभर रुंदीची मातीची पट्टी फरशीपासून मोकळी ठेवा. तिथे कळलावी लावा, तिच्यासोबत रानहळद लावा, आपल्या मातीतल्या आणखी कंदवर्गी फुलांना जागा द्या. शेजारी स्पष्ट अक्षरांत पाटी लावा: कळलावी, सर्व भाग विषारी, तोडू नका, उकरू नका. माळ्याला एकदा वेल ओळखून द्या आणि नोव्हेंबरनंतर त्या पट्टीवर पाणी घालू नका असं सांगा. रोपवाटिकांनी लागवडीतले कंद ठेवावेत आणि सोबत विषाची सूचना छापून द्यावी. आणि ज्या समितीला ती वेल उपटायची असेल, तिने आधी लेखी कारण द्यावं. 'रानटी आहे' हे कारण चालणार नाही.